ओल्या काँक्रीटमधली पावलं

१

मेलेल्या माणसाचं एक बरं असतं. त्याच्या नावावर काहीही खपवता येतं, तो उठून भांडायला येत नाही.

गुरुवारी सकाळी विद्युत निरीक्षक बाईंच्या टेबलावर जो अहवाल सहीसाठी आला होता, तो लिहिणाऱ्याला ही गोष्ट पक्की ठाऊक असावी. नगरपालिकेच्या कचरागाड्यांच्या डेपोतून आलेला एका पानाचा कागद. मंगळवारी सकाळी वाऱ्याने फांदी मोडली, फांदीने उच्चदाबाची तार तोडली, तार उभ्या कचरागाडीवर पडली. ‘चालकाने घाबरून गाडीबाहेर उडी मारली व गाडीपाशीच शॉक लागून मृत्यू पावला. अपघातास मृताचा स्वतःचा निष्काळजीपणा कारणीभूत.’ खाली मुकादमाची सही, गाडीवर डबे उचलणाऱ्या लोडरचा जबाब आणि बाईंच्या सहीसाठी सोडलेली मोकळी जागा.

बाईंनी ‘घाबरून’ या शब्दावर पेन्सिल एवढ्या जोरात टेकवली की टोक मोडलं. ऑफिसात त्यांना पाठीमागे ‘ठिणगी’ म्हणत, ते काही उगाच नाही.

हा चालक त्यांच्या चांगला लक्षात होता. गाडी मागे घेताना, डबा उचलताना, जेवतानासुद्धा सगळ्यांना ‘सावकाश, सावकाश’ म्हणायचा, म्हणून डेपोत त्याचं नावच सावकाश पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी बाईंनी चालकांचा वर्ग घेतला. तार गाडीवर पडली तर गाडीतच बसून राहायचं. गाडी पेटली तरच बाहेर पडायचं, तेही गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी न शिवता, दोन्ही पाय जोडून उडी मारून. मग तसेच पाय जोडून छोट्या छोट्या उड्या मारत लांब जायचं. कारण वीज जमिनीतही पसरलेली असते. एक पाय इथे आणि दुसरा तिथे पडला की ती एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते, मधला माणूस संपतो. बाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये तशा उड्या मारायला लावल्या तेव्हा बाकीचे खी खी करत होते. सावकाश मात्र आपलं सुटलेलं पोट सांभाळत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला आणि धापा टाकत म्हणाला, “बाई, गाडीकडे परत कधी जायचं?”

“लाइनमन समोर येऊन स्वतःच्या तोंडाने सांगेल तेव्हा. त्याआधी देव आला तरी नाही.”

त्याने ते वहीत लिहून घेतलं होतं. आणि हा माणूस म्हणे घाबरून उडी मारून मेला!

बाहेरच्या बाकावर त्याची बायको आणि शाळेच्या गणवेशातली मुलगी बसली होती. बाईंनी त्यांना आत बोलावलं. बायको रडत नव्हती, तिचा जबडा घट्ट मिटलेला होता.

“तुम्ही सही केलीत की हेच कायमचं होणार ना?” तिने विचारलं.

“हो.”

मुलगी म्हणाली, “शाळेत सगळे म्हणतात, नुसते गाडीत बसून राहिले असते तरी वाचले असते. एवढंही कळत नव्हतं का माझ्या बाबांना?”

बाईंनी मोडकी पेन्सिल कचऱ्याच्या डब्यात भिरकावली. तेवढ्यात नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांचा सकाळपासूनचा तिसरा फोन आला. “साधी केस आहे बाई, उगाच पाल्हाळ नको. पाच वाजता मी स्वतः कागद न्यायला येतो.”

“या ना,” बाई म्हणाल्या. “कागद तयार असेल. कोणता, ते पाच वाजता कळेल.”

२

रस्ता आडबाजूचा होता. एका अंगाला कारखान्याची लांबच लांब भिंत, दुसऱ्या अंगाला कुलूपबंद गोदामं, आणि त्यांच्या पुढ्यात नवा कोरा काँक्रीटचा पदपथ. या पदपथाचं मंगळवारी बारा वाजता मोठ्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन होतं, आणि शेवटचे वीस फूट त्याच दिवशी सकाळी दहाला ओतले होते. पंगत बसली तरी चूल पेटलेली नाही, असा कारभार.

पदपथाच्या टोकाशी गवंडी पोत्यांवर बसला होता. बाई दिसताच त्याने तोंड सोडलं.

“बघा, बघा काय वाट लावलीय! दहाला शेवटचा हात फिरवला आणि पोती आणायला गेलो. अकराला येतो तर इथे माणूस मेलेला आणि माझ्या कामाची रांगोळी झालेली. बाराला कचरागाड्यांचा मुकादम येऊन म्हणतो, लगेच सपाट कर. म्हटलं, पोलीस उभे आहेत, माझ्या बापाने सांगितलं तरी हात लावणार नाही. संध्याकाळपर्यंत त्याचा दगड झाला. आता उद्या फोडायला सांगितलंय.”

“कोणी? मुकादमानेच?”

“मग अजून कोणी?”

बाईंनी पोती उचलायला लावली आणि गुडघे टेकून खाली वाकल्या. गाडी नेलेली होती, पण रस्त्यावर जळक्या टायरचा काळा डाग तसाच होता. डब्यासाठी गाडी उलट्या अंगाला लावलेली, म्हणून चालकाचं दार पदपथाच्या बाजूला उघडत होतं. त्या डागासमोरून काँक्रीटमध्ये बुटांचे ठसे सुरू होत होते. डावा आणि उजवा, टाचेला टाच लावून, शेजारी शेजारी. हातभर अंतरावर पुन्हा तशीच जोडी. मग पुन्हा. बाईंनी मोजल्या, चौदा जोड्या. वीस फूट संपून आधी ओतलेला, कोरडा पदपथ सुरू होईपर्यंत एकही पाऊल सुटं नव्हतं.

 टायर पेटला म्हणून तो बाहेर पडला होता, आणि शिकवलं होतं तसाच, एका चुकीशिवाय. हा घाबरलेला माणूस नव्हता. हा वाचलेला माणूस होता!

मग तो मेला कसा?

त्या दोन पावलं सरकल्या आणि थबकल्या. शेजारूनच दुसरी रांग होती. तोच बूट, तीच झिजलेली डावी टाच, पण बोटं गाडीकडे. डावं, उजवं, डावं, उजवं. नऊ पावलं, माणूस घराकडे चालत जातो तशी बिनघोर, थेट काळ्या डागापर्यंत. तिथून परत यायची खूण नव्हती. मेला तेव्हा त्याचा हात दाराच्या मुठीवर होता, हे पोलिसांच्या कागदात होतं.

बाई त्या नऊ पावलांच्या कडेने काळ्या डागापर्यंत चालत गेल्या. जमिनीत वीज असती तर अशा ढांगा टाकणारा तिसऱ्या पावलालाच कोसळला असता. हा दारापर्यंत पोचला. म्हणजे तो चालत होता तेव्हा लाइन मेलेली होती, आणि त्याने मुठीला हात घातला तेव्हा ती जिवंत झाली.

लाइन आपोआप जिवंत होत नाही. कोणीतरी ती चालू करावी लागते.

३

सबस्टेशनच्या खोलीत मोठं रजिस्टर, त्याच्या शेजारी काळा जुना फोन, ज्यावर कोणाचा नंबर दिसत नाही, आणि खुर्चीत ऑपरेटर. बाईंना पाहून तो अर्धवट उठला आणि तसाच राहिला.

रजिस्टरमध्ये मंगळवारच्या तीन नोंदी होत्या. दहा सदतीस, लाइन बंद पडली. दहा एकोणचाळीस, चालू करून पाहिली, पुन्हा बंद पडली. फांदी टेकून सुटली असेल तर लाइन टिकते, म्हणून एकदा चालू करून बघायची ही जुनी रीत होती, आणि त्याच झटक्यात सावकाशच्या गाडीचा टायर पेटला असणार. तिसरी नोंद दहा एक्कावन्नची. ‘गाडी हलवली, लाइन चालू करावी. निरोप लाइनमन क्र. १७.’ चालू केली, त्याच क्षणी बंद पडली.

त्याच क्षणी एक माणूस गेला होता. रजिस्टरात त्याला अर्धी ओळही नव्हती.

“निरोप लाइनमनचाच होता?” बाईंनी विचारलं.

“लिहिलंय ना बाई.”

“लिहिलंय ते मलाही दिसतंय. ऐकलंस काय, ते विचारतेय.”

ऑपरेटरने रुमालाने मान पुसली. “लाइनमनशिवाय दुसऱ्या कोणाचा निरोप आम्ही घेतच नाही. नियमच आहे.”

“नियम मला शिकवू नकोस. मीच लिहिलाय तो.”

सतरा नंबरचा लाइनमन मागच्या स्टोअरच्या पायरीवर बसलेला सापडला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. बाई काही विचारायच्या आधीच तो बोलायला लागला.

“सतरा नंबर म्हणजे मी. पण हा फोन मी केलेला नाही, आईशपथ सांगतो. तार तुटून रस्त्यावर पडलीय, हे मला पावणेअकराला कळलं. रबरी हातमोजे घ्यायला इथे आलो, तर कपाटाला कुलूप आणि किल्लीवाला गायब. अकरा पाचला हातमोजे मिळाल्याची माझी सही आहे स्टोअरच्या वहीत. पोचलो तेव्हा सगळं संपलेलं. आता लोक माझ्याकडे खुनी म्हणून बघतात.”

“तू वेळेवर पोचला असतास तर काय केलं असतंस?”

“काय करणार? लाइन बंद असल्याची खात्री, मग दोन्ही बाजूंनी ती जमिनीला जोडायची, मग तार गाडीवरून काढायची. तुटलेली तार पुन्हा जोडायला दोन तास तरी गेलेच असते.”

बाई वळल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. नुकतंच ऐकलेलं काहीतरी रजिस्टरातल्या ओळीशी जुळत नव्हतं. जीपमध्ये बसेपर्यंत ते काय, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी चालकाला डेपोकडे गाडी घ्यायला सांगितलं.

४

डेपोत मुकादम खुर्ची सोडून उभा राहिला. “या बाई, बसा. काय घेणार?”

“लोडरचा जबाब.”

लोडर काडीसारखा बारीक, वयाने पन्नाशीचा. रोजच्या ड्युटीसाठी रोज मुकादमाच्या तोंडाकडे बघणारा. त्याने पाठ केलेली कविता म्हणावी तसा जबाब म्हटला. “तार पडली, तो घाबरला, त्याने उडी मारली आणि तो तिथेच गेला.”

“तू कुठे होतास?”

“कोपऱ्यावर. लोकांना अडवत होतो.”

“कोणी सांगितलं अडवायला?”

“त्यानेच. लांब जाऊन हाक मारली, म्हणाला, कोणाला गाडीजवळ येऊ देऊ नकोस...” लोडर मध्येच थांबला.

“म्हणजे घाबरलेल्या माणसाने लांब जाऊन, आधी दुसऱ्यांचा जीव वाचवायची व्यवस्था लावली. आणि मग गाडीपाशीच मेला. असंच ना?”

लोडरने मुकादमाकडे पाहिलं. मुकादम घाईघाईने मध्ये पडला. “अडाणी माणूस आहे बाई, पुढचं मागे आणि मागचं पुढे सांगतो. मी स्वतः तर साडेअकरापर्यंत इथेच होतो, डेपोत. मला फोनवरच कळलं.”

“तुमचं फेरीचं रजिस्टर बघू.”

मुकादमाने हसतमुखाने पुढे केलं. सुंदर अक्षर, सरळ रकाने. सावकाशच्या गाडीला मंगळवारी चौदा डबे होते. सहाव्या डब्यापाशी तार पडली. बाईंचं बोट सहाव्यावरून सातव्यावर गेलं, मग आठव्यावर, थेट चौदाव्यापर्यंत. प्रत्येकापुढे ‘उचलला’ आणि मुकादमाची टिक.

“टिक कधी करता?”

“डबा उचलल्यावर. त्याशिवाय कशी करणार?”

“मग मंगळवारी सात ते चौदा कोणी उचलले? गाडी तर तारेखाली उभी होती.”

मुकादमाचं हसू जागच्या जागी वाळलं. “ते... सवयीने झालं असेल हो. सकाळी गाडी निघाली की मी सगळ्या टिका मारून टाकतो. संध्याकाळपर्यंत होतंच की सगळं. वर विचारणा झाली की लगेच ‘झालं’ म्हणून सांगता येतं.”

“म्हणजे काम व्हायच्या आधीच तुम्ही ते झालं म्हणून कळवता.”

“सगळेच करतात बाई.”

बाईंनी रजिस्टर मिटून काखेत मारलं. “पाच वाजता माझ्या ऑफिसात या. लोडरला घेऊन.”

५

पाच वाजता खोलीत सगळे होते. मोठे साहेब घड्याळ बघत होते. ऑपरेटर आणि लाइनमन भिंतीला टेकून एकमेकांकडे न बघता उभे होते. मुकादम खुर्चीच्या कडेवर, त्याच्या मागे लोडर. सावकाशची बायको बाकावर आणि मुलगी दाराशी.

“मी कामाचंच बोलते,” बाईंनी सुरुवात केली. “तार पडली, टायर पेटला, चालक पाय जोडून उतरला आणि उड्या मारत सुरक्षित लांब गेला. त्याचे ठसे काँक्रीटमध्ये आहेत, त्यांचे फोटो पोलिसांकडे पोचलेत आणि पदपथ सील झालाय. त्यामुळे उद्या तो कोणी फोडणार नाही, मुकादम.”

मुकादम खुर्चीत आणखी कडेला सरकला.

“मग तो चालत परत गेला. वेडा नव्हता. ज्याचं ऐकावंच लागतं, अशा कोणीतरी सांगितलं असणार की लाइन बंद आहे, गाडी काढ. आणि लाइन खरंच बंद होती. मग दहा एक्कावन्नला सबस्टेशनला फोन गेला, ‘गाडी हलवली, लाइन चालू करावी.’ रजिस्टरात या लाइनमनचा नंबर आहे.”

“मग झालं की,” मोठे साहेब म्हणाले. “दोषी सापडला.”

“नाही सापडला. तार तुटून रस्त्यावर पडलेली असताना, गाडी हलो नाहीतर न हलो, कुठला लाइनमन लाइन चालू करायला सांगेल? त्याला तर ती अजून दोन तास बंदच हवी. गाडी निघाली की संकट टळलं, असं फक्त गाड्या मोजणाऱ्याला वाटतं. ज्याला तारेतलं ओ की ठो कळत नाही, त्याला.” बाई ऑपरेटरकडे वळल्या. “तुला काय सांगितलं होतं रे? खरं बोल, नाहीतर तुझ्यावर सगळं शेकेल.”

ऑपरेटरने पुन्हा रुमालाने मान पुसली. “म्हणाले, गाडीचा डबे उचलायचा लोखंडी हात तारेला टेकला होता, आता काढलाय. तार तुटल्याचं बोललेच नाहीत. नगरपालिकेतून बोलतोय म्हणाले, साहेबांचा कार्यक्रम आहे म्हणाले. आवाज लाइनमनचा नव्हता, मला कळत होतं. पण रजिस्टरात नंबर लागतो, म्हणून मी सतरा लिहिला.”

भिंतीला टेकलेल्या लाइनमनने पहिल्यांदाच वळून ऑपरेटरकडे पाहिलं.

“दुसऱ्याच्या नंबरावर लाइन चालू केलीस. त्याबद्दल तुझ्यावर गुन्हा नोंदवायला मी लिहून देणार आहे,” बाई म्हणाल्या. “आता उरला एकच प्रश्न. गाडी जागची हललीही नव्हती आणि ती हलली असा फोन गेला. काम व्हायच्या आधीच ते झालं म्हणून कळवायची सवय कोणाला आहे?” त्यांनी फेरीचं रजिस्टर टेबलावर आपटलं. “न उचललेल्या आठ डब्यांपुढे कोणाच्या टिका आहेत?”

“हा नुसता तर्क आहे!” मुकादम ओरडला. “मी डेपोत होतो, विचारा याला!”

त्याने लोडरकडे बोट दाखवलं. लोडरने खाली मान घातली. मग सावकाशच्या बायकोकडे बघून तो हळूहळू बोलू लागला.

“वहिनी, मला माफ करा. मुकादम तिथे होते. टायर तोवर विझला होता. सबस्टेशनला फोन लावून म्हणाले, बंद आहे, मी स्वतः बोललोय, गाडी काढ. सावकाश म्हणाला, लाइनमन येऊ दे, त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय जायचं नाही असं बाईंनी सांगितलंय. तर हे म्हणाले, बाई तुला ड्युटी देते का मी देतो? दोनदा नाही म्हणाला तो. तिसऱ्यांदा गेला. तो चालायला लागला आणि यांनी पुन्हा फोन कानाला लावला.”

 बाईंना त्या मुकादमाचं मुस्काट फोडावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हात टेबलाखाली घट्ट धरून ठेवला.

“अर्ध्या मिनिटाचं काम होतं!” मुकादमाचा आवाज चिरका झाला. “साहेबांनीच पावणेअकराला सांगितलं, कचरागाडी तिथे दिसता कामा नये, माइक चालू पाहिजे. तो एवढा वेळ लावेल हे मला काय माहीत?”

मोठे साहेब आपल्या बुटांकडे बघू लागले.

बाईंनी नवा अहवाल बायकोसमोर ठेवला. मुलीने दारातून पुढे येऊन तो आईच्या खांद्यावरून वाचला. ‘चालकाने शिकवल्याप्रमाणे प्रत्येक गोष्ट बरोबर केली. वरिष्ठांनी खोटी हमी देऊन त्याला परत पाठवले.’ मुलीने ती ओळ पुन्हा एकदा, ओठ हलवत वाचली आणि डोळे पुसले.

बायकोने मात्र कागद बाजूला सारला. “त्या दिवशी वर्गात कोण कोण होतं, बाई?”

“चालक होते.”

“मुकादम?”

“नव्हते. साहेबही नव्हते. बोलावलं होतं, पण त्यांना वेळ नव्हता.”

“म्हणजे आमच्या ह्यांना सगळं येत होतं,” ती म्हणाली, आणि दोन दिवस आवळलेला तिचा जबडा आता सुटला. “ज्यांना काही येत नव्हतं, त्यांच्या हातात फोन होता.”

 बाईंनी अहवालाखाली सही केली, तारीख घातली आणि मग साहेबांकडे वळल्या. “सोमवारी नऊ वाजता वर्ग आहे. ज्यांच्या हाताखाली कोणी काम करतं, त्या सगळ्यांसाठी. पहिल्या बाकावर तुम्ही.”

“सोमवारी माझी मीटिंग आहे,” मोठे साहेब म्हणाले.

“ती रद्द करा.”

हे बाई बोलल्या नव्हत्या. हे सावकाशची मुलगी बोलली होती.